झामसिंगने दाखवलेली जागा

आंबाबोडीत झामसिंग कटऱ्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि त्याचं कारण होतं त्याचा आवाज. तरुणपणी तो दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकात राजाचं काम करायचा. जनरेटर बसला, माइक बंद पडला, तरी पार मागे बोरा अंथरून बसलेल्या म्हातारीला त्याचा शब्द न् शब्द ऐकू जायचा. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, मुकुट सुटला, पण आवाज राहिला. मग गावानं तो आवाज दुसऱ्या कामाला लावला. लाइनमनशी भांडायचं असो, तहसीलमध्ये जायचं असो की सोयरिकीत अडलेलं बोलणं पुढे न्यायचं असो, लोक म्हणायचे, "झामसिंगभाऊले पुढं करा." झामसिंग खांद्यावर दुपट्टा टाकायचा, घसा साफ करायचा आणि पुढे व्हायचा. त्याचं बोलून झालं की समोरचा साहेबही जरा वेळ गप्प बसायचा. हे त्याला ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

आंबाबोडी धानाचं गाव. मधोमध पोवारांची कौलारू घरं, भोवती बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, वरच्या अंगाला जुना तलाव आणि तलावाला लागून गायरान. तलावाचं पाणी आधी आंबाबोडीच्या बांध्यांना मिळायचं, मग नाल्यानं खाली उतरून पहाडीच्या पायथ्याशी धावडीटोल्याला पोचायचं. धावडीटोला म्हणजे गोंडांची पंधरा-वीस घरं, एक विहीर आणि एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. ग्रामपंचायत दोघांची एकच. टोल्यावरच्या बाया दर साल धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, आंबाबोडीत यायच्या, आणि त्या टोळीची म्होरकी होती रुख्मा मडावी. ठेंगणी, चिवट, कमी बोलणारी बाई. झामसिंगच्या चार एकरांतली रोवणी तिची टोळी सुरू करायची आणि तीच संपवायची.

दोन वर्षांमागे थंडीच्या तोंडावर बातमी आली, की शहराचा कचरा टाकायला आंबाबोडीचं गायरान पाहिलं जात आहे. कुणी म्हणालं कचरा नाही, प्रकल्प आहे. खत होईल, रोजगार मिळेल. सरपंच तिलक हरिणखेडे तरुण माणूस, शिकलेला. तो म्हणाला, "आपन जाऊन पाहू ना. ऐकिवावर कायले भांडाचं?"

मग दोन ट्रॅक्टर भरून माणसं शहराबाहेरच्या एका जुन्या कचऱ्याच्या जागेवर गेली. ते पाहिल्यावर कुणाला प्रकल्पाचा शब्द काढायची गरज राहिली नाही. माणसाच्या दुप्पट उंचीचे ढीग धुमसत होते. गाई पिशव्या चघळत होत्या. ढिगाच्या बुडातून चहाच्या रंगाचं पाणी झिरपून शेजारच्या शेतात शिरलं होतं आणि तिथलं धान उभ्या उभ्या पिवळं पडलं होतं. जवळच्या घरात एक बाई भरदुपारी खाटेवर मच्छरदाणी लावून तिच्या आत लेकरांना जेवू घालत होती. मच्छर नव्हते, माशा होत्या. झामसिंग उंबऱ्याशी थबकला. बाई म्हणाली, "ताटावर बसते जी, एका हातानं किती हाकलाव?"

परतताना गाव जवळ आलं तेव्हा झामसिंग एवढंच म्हणाला, "आपल्या इतं नाही येऊ द्याचं."

गावाच्या फाट्यावर धरण्याचा मांडव पडला. आंबाबोडी तर बसलीच, पण टोलाही बसला. तलावातून उतरणारं पाणी शेवटी त्यांच्याकडेच जाणार होतं. टोल्यावरची माणसं सकाळी भाकर बांधून यायची आणि दिवस बुडाल्यावर जायची. आंबाबोडीच्या लोकांना मधेच धानाची मळणी आठवायची, लग्न आठवायचं. टोल्यावरचे मात्र उठत नसत. चूल रुख्मा सांभाळायची. भात, लाखोरीची डाळ, कधी वालासारख्या पोपटाच्या शेंगा. पहिल्याच दिवशी झामसिंग मांडवात उभा राहिला आणि त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "हा कचरा ना आंबाबोडीले येणार, ना धावडीटोल्याले. आपलं पानी एक आहे, आपन एक आहो!" टोल्यावरचा म्हातारा उदाराम कुमरे पुढे आला आणि त्यानं झामसिंगचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याला मराठीत भाषण देता येत नव्हतं. तो नुसता हात धरून उभा राहिला.

शेवटी अधिकारी जागा पाहायला आले. मोठे साहेब दुसऱ्या मुलखातून बदलून आलेले, मध्यमवयीन, डोळ्यांखाली काळं आलेले. उद्धटपणा नव्हता त्यांच्यात. गायरान पाहिलं, तलाव पाहिला, झामसिंगचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. झामसिंग त्या दिवशी फार सुरेख बोलला. मच्छरदाणीतल्या लेकरांची गोष्ट त्यानं सांगितली तेव्हा साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या तलाठ्याचेही डोळे खाली गेले. साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "पटलं मला. इथे पाणी आहे, इथे नको. पण शहराचा कचरा रोज निघतोच. तो मी खिशात ठेवू शकत नाही. मग तुम्हीच सांगा, कुठे?"

 तिलकनं झामसिंगकडे पाहिलं. सगळ्यांनीच झामसिंगकडे पाहिलं. आणि झामसिंगला सवय नव्हती ती गप्प राहण्याची. रंगमंचावर वाक्य अडलं की दुसरं वाक्य जुळवून पुढे जायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याचा हात आपसूक वर गेला.

"साहेब, ते पलीकडं मुरमाड आहे ना, पहाडीखाली. सरकारीच आहे. ना धान होत, ना काही. तितं कोन राहते?"

साहेबांनी त्या हाताच्या दिशेनं पाहिलं. तलाठ्यानंही पाहिलं. तलावाच्या पाळीवरून मुरमाड दिसत होतं, पण त्याच्या उतारावरची घरं झाडांमागे होती.

नेमक्या त्याच वेळी रुख्मा पाण्याचे गिलास घेऊन मधे उभी होती. थाळी साहेबांसमोर धरलेली. थाळी हलली नाही. तिनं साहेबांना पाणी दिलं, तलाठ्याला दिलं, मग झामसिंगसमोर आली. झामसिंगनं गिलास उचलला आणि पाणी प्यालं. तिच्या तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं, हे त्यानं पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं.

महिन्याभरात हुकूम आला. आंबाबोडीचं गायरान वगळलं होतं. गावात गुलाल उधळला. मांडवातच सत्कार झाला, शाल आली, नारळ आला. टोल्यावरची माणसंही आली होती, ढोल घेऊन. त्यांनी सगळ्यांत जास्त वाजवला. उदारामनं झामसिंगच्या कपाळाला गुलाल लावला. रुख्मा मागे बायांत बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि रडतही नव्हती. ती झामसिंगकडे पाहत होती, कुणी काही बोलेल म्हणून वाट पाहावी तसं. झामसिंगनं त्या दिवशी भाषण आवरतं घेतलं. लोक म्हणाले, भाऊचा गळा भरून आला.

उन्हाळ्यात ग्रामसभा झाली. विषयांच्या शेवटी तिलकनं हलक्या आवाजात वाचलं, की पहाडीखालची सरकारी पडीक जमीन नगराच्या घनकचरा कामाला देण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही. टोल्यावरची बरीच माणसं तेंदूपत्त्याला जंगलात होती. आलेल्या चार-दोघांना शेवटचा विषय कळेपर्यंत हात वर झाले. झामसिंग मागच्या ओळीत होता. त्यानं हात वर केला नाही. तसाच खालीही ठेवला नाही, डोकं खाजवल्यासारखा कानाजवळ नेला. मोजणाऱ्यानं तो मोजला की नाही, त्याला माहीत नाही. विचारायची हिंमत त्याला झाली नाही.

सभेनंतर तिलक त्याला म्हणाला, "काका, तुमीच रस्ता काढला, नाही तं आपल्याच डोक्यावर बसला असता."

"मी तं नुसतं म्हटलं होतं रे," झामसिंग म्हणाला.

"तेच तं. तुमी म्हटलं म्हनून साहेबानं मनावर घेतलं."

मग मुरमाडावर खड्डा खणायला जेसीबी गेला. पहाडीचा रस्ता झामसिंगच्या घरावरून जातो. मागोमाग पिवळ्या गाड्या जायला लागल्या, ताडपत्रीनं अर्धवट झाकलेल्या. गाडी वळणावर हेलकावली की एखादी पिशवी घरंगळून त्याच्या अंगणासमोर पडायची. त्याची बायको राजकुमारी काठीनं ती उचलायची आणि नवऱ्याकडे पाहायची. झामसिंग छपरीतून उठून मागच्या वाडीत जायचा. तिथे कोचईच्या अळूला पाणी द्यायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. कोचईलाही इतकं पाणी लागत नाही.

पाऊस झाला, धानाच्या रोपांचे परे तयार झाले, गावात सगळीकडे रोवणी लागली. रुख्माची टोळी आली नाही. निरोप धाडला, तरी आली नाही. परे पिवळे पडायला लागले तेव्हा राजकुमारी म्हणाली, "मीच जाऊन पाहतो टोल्यावर."

"नोको जाऊ," झामसिंग म्हणाला. "दुसरी टोळी पाहू."

"काऊन? भांडन झालं का काही?"

"भांडन कायचं?"

राजकुमारी गेली. दुपारी गेली ती दिवस उतरल्यावर आली. पाय चिखलानं भरलेले, पदराचं टोक नाकाशी धरल्यासारखं हातात. तिनं पाय धुतले, दिवा लावला, त्याला जेवायला वाढलं. घरात ते दोघं पोवारीत बोलत. त्या संध्याकाळी ती गावात चालणाऱ्या झाडीबोलीत बोलली, परक्या माणसाशी बोलावं तशी.

"अजी, एक विचारतो. तितं कोन राहते, असं तुमी साहेबाले म्हटलं का?"

झामसिंगनं घास ताटात ठेवला.

"रुख्मा म्हने?"

"मी तुमाले विचारून राहिली."

"मी तसं नाही म्हटलं. मी म्हटलं मुरमाड आहे, धान होत नाही... साहेबानंच विचारलं. कोनी तं काही सांगाले पायजे होतं."

"तिची नात मी मांडीवर घेऊन आली आत्ता," राजकुमारी म्हणाली. "अंगभर फोड आले पोरीच्या. बोडीत डुंबली म्हने. खड्ड्याचं पानी पावसानं उतरलं बोडीत. आन तुमी म्हनता तितं कोन राहते." तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. "आपल्या गुंजनच्या बाळंतपनात कोन झोपलं होतं या घरात? माहे हात मोडले होते तवा? रुख्माच ना?"

झामसिंगनं मान हलवली.  राजकुमारीनं आपलं ताट घेतलं आणि आत जाऊन जेवली. चाळीस वर्षांच्या संसारात ती कधी वेगळी बसून जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी झामसिंग शहराच्या कडेच्या कुडव्याला निघून गेला, गुंजनकडे. लेकीला म्हणाला, नातवाची आठवण आली. खरं तर त्याला त्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या पाहायच्या नव्हत्या. गुंजनचं घर छोटं, दोन खोल्यांचं, गल्लीतलं. सकाळी तो दारात खुर्ची टाकून बसला होता तर गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला आणि पिवळी गाडी आली. तीच गाडी. गुंजन आतून बादली घेऊन धावत आली. बादलीत भाजीच्या साली, अंड्याची टरफलं, बाळाचे डायपर, दुधाच्या पिशव्या. बादली तिनं त्याच्याच पायाजवळून नेली.

"कुठं जाते हे?" त्यानं विचारलं.

"काय माहीत बाबा. गाडी घेऊन जाते."

शेजारचा दुकानदार आपला खोका गाडीत उलटा करत होता. तो हसून म्हणाला, "अरे चाचाजी, पहले तो बड़ी दिक्कत थी. महीना-महीना गाड़ी नहीं आती थी. अब नई जगह मिल गई, जंगल साइड में. वहाँ कोई रहता थोड़ी है."

झामसिंगला वाटलं, भर गल्लीत आपल्या अंगावरचे कपडे कुणी ओढून घेतले. वाक्य त्याचं होतं. तलावाच्या पाळीवर त्यानं सोडलेलं वाक्य साहेबाच्या खोलीतून, कुठल्या कुठल्या तोंडांतून फिरत इथवर आलं होतं, आणि त्या भल्या माणसाला ते खरंच वाटत होतं. त्याला का खोटं वाटावं? दुकानदाराला सांगावं म्हणून झामसिंगनं तोंड उघडलं. ज्या आवाजानं मंडया गाजवल्या तो आवाज घशातून वर आलाच नाही. गाडी पुढच्या दाराशी गेली. तो दुपारच्या एसटीनं परत आला, पण फाट्यावर उतरल्यावर घराकडे वळला नाही. पायी टोल्याकडे चालू लागला.

मुरमाड जवळ आलं तसा वास आला. जुन्या जागेवर आला होता तसाच, आंबूस आणि जळका. खड्डा त्याला वाटला होता त्याहून मोठा होता आणि कडेपर्यंत भरत आलेला. बोडीवर तवंग होता. टोल्यावरची दारं दिवसाउजेडी लावलेली. एवढ्या वर्षांत तो टोल्यावर किती वेळा आला होता? मजूर बोलवायला. अंगणाच्या कडेला उभं राहून हाक मारायची आणि परतायचं. कुणाच्या ओट्यावर तो कधी बसला नव्हता.

रुख्मा अंगणात वास्ते सोलत बसली होती. जंगलातून आणलेले बांबूचे कोवळे कोंब. तिनं त्याला पाहिलं आणि सोलत राहिली.

"रुख्माबाई," तो म्हणाला आणि थांबला. रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरला. "मी माफी मांगाले आलो."

"माफीनं खड्डा बुजते का पाटील?"

तो उभाच राहिला. तिनं बसा म्हटलं नाही. थोड्या वेळानं तिनं विळा खाली ठेवला.

"मी त्या दिवशी कोनालेच नाही सांगतलं. उदारामबाबालेबी नाही, माह्या पोरालेबी नाही. तुमच्या तोंडून निसटलं असं वाटलं मले. मानसाचं निसटते. मले वाटलं, पाटील घरी जाईन, सोचन, अन् साहेबाले फोन लावन. सत्काराच्या दिवशी वाटलं आता बोलन. ग्रामसभेच्या दिवशी मी मुद्दाम पत्त्याले गेली नाही, तितं मागं उभी होती. तुमचा हात पाहून राहिली होती मी."

झामसिंगनं खाली पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, टोला गोळा केला असता, तरी त्याला उभं राहायला जागा मिळाली असती. तिनं त्याच्यावर भरवसा ठेवून वाट पाहिली होती, आणि हे त्याला सहन होईना.

"आता काय करू सांग," तो म्हणाला.

"साहेबाकडं चाला. आमी दोनदा जाऊन आलो. आमचं कोनी ऐकत नाही, म्हनते गावानंच जागा दाखवली. ज्यानं दाखवली त्यानं सांगाव."

"अन् गाव मले काय म्हनन?"

हे त्याच्या तोंडून निघालं आणि निघताक्षणी त्याला स्वतःची किळस आली. रुख्मानं विळा पुन्हा हातात घेतला. "ते तुमचं तुमी पाहा," ती म्हणाली.

तो गेला. टोल्यावरच्या माणसांबरोबर, त्यांच्याच भाड्याच्या गाडीत कोपऱ्यात बसून गेला. साहेबांच्या खोलीत सगळे मावले नाहीत. उदाराम, रुख्मा, आणखी चार-पाच जण आणि झामसिंग आत गेले. साहेबांनी त्याला लगेच ओळखलं.

"अहो, तुम्हीच तर ती जागा सुचवली होती. तिथे वस्ती नाही असं तुम्हीच म्हणालात. आता तुम्हीच विरोधाला?"

उदारामनं मान वळवून झामसिंगकडे पाहिलं. म्हाताऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या मागच्यांनाही नव्हतं.

"खोटं म्हटलं होतं साहेब," झामसिंग म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की साहेबांनी पुढे वाकून "काय?" विचारलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. "खोटं म्हटलं होतं. मले मालूम होतं तितं वस्ती आहे. हे सगळे तितलेच. आमच्या मांडवात बसले होते ते हेच. तुमाले पानी दिलं ते या बाईनं. हे तितं राहते. त्याइची विहीर खड्ड्याच्या उताराले आहे. मी... आमचं गाव वाचाव म्हनून म्हटलं."

 साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. शरमही असावी थोडी, कारण पाळीवरून मुरमाड पाहून ते स्वतःही उतार उतरून गेले नव्हते. "मी माणसं पाठवतो," ते म्हणाले. "तोवर गाड्या थांबवतो. पण कायमचं वचन मी देऊ शकत नाही. कचरा कुठेतरी जाणारच आहे."

बाहेर पायऱ्यांवर उदाराम थांबला. झामसिंगला वाटलं, आता हा आपल्या तोंडावर थुंकेल. उदारामनं त्याच्याकडे पाहिलं, काही तरी गोंडीत म्हटलं आणि जिना उतरून गेला. त्यानं काय म्हटलं हे झामसिंगनं रुख्माला विचारलं नाही.

गाड्या थांबल्या. कायमच्या की तात्पुरत्या, हे अजूनही कुणाला नक्की माहीत नाही. पाहणी झाली, काही माणसं बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. पण खड्ड्यात पडलं होतं ते तसंच राहिलं. त्यावर मुरूम ओढला, आणि प्रत्येक पावसात तो मुरूम खचतो. विहिरीच्या पाण्याला वास येतो तो गेला नाही. थोडे दिवस टँकर आला, मग तोही बंद झाला.

आंबाबोडीत झामसिंगचं नाव खराब झालं. आता कचरा पुन्हा आपल्याच गायरानावर येणार, ही भीती घरोघरी बसली, आणि ती आणली झामसिंगनं. तिलक सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, गावानं तुमाले शाल दिली आन तुमी गावाचाच गळा कापला."  गावाच्या भीतीत खोटं काही नव्हतं. त्यानंही तो मच्छरदाणीतला घास पाहिला होता. त्या सालच्या मंडईत नाटकाच्या उद्घाटनाला बोलायला त्याला कुणी बोलावलं नाही. तो मागे उभा राहून थोडं पाहून घरी आला. लोकांना वाटायचं, गाव बोलत नाही म्हणून भाऊ खचला. तसं नव्हतं. गाव बोलायचं तेव्हाच त्याला जास्त त्रास व्हायचा. लाइनमनशी बोलायला या म्हणून एकदा कुणी हाक मारली, तर तो घसा बसला म्हणून सांगून आतच बसून राहिला.

त्याची टोल्याच्या बाजूची बांधी नाल्याला लागून आहे. तिथे बोअर आहे, गोड पाण्याची. हिवाळा संपत आला तेव्हा त्यानं बोअरपाशी राजकुमारीला विचारलं, "इतून टोल्यापावत नळी टाकली तं?"

"मले कायले विचारता?" राजकुमारी म्हणाली, पण पोवारीत म्हणाली. नळीचा दुसरा गुंडाळा तिनंच डोक्यावर घेतला आणि त्याच्यामागे शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं चालत गेली. दोघांनी मिळून नळी नाल्यापलीकडे नेली आणि टोल्याच्या पहिल्या घराशी एका दगडाला बांधली.

पहिल्या दिवशी सकाळी मोटर लावली तेव्हा बाया पाण्याच्या गुंड्या घेऊन आल्या. झामसिंग थोडा दूर उभा होता. त्याला वाटत होतं काही बोलावं, आणि काही बोलू नये असंही वाटत होतं. रुख्मानं आपली गुंडी नळीखाली ठेवली, पाणी हातावर घेऊन हुंगलं, मग एक घोट प्याली.

"पाटील," ती म्हणाली, "नळीचं तोंड उचला जरा. खाली असलं का गाळ जाते गुंडीत."

तो घाईनं पुढे झाला, गुडघे टेकून त्यानं दोन विटा शोधून नळीखाली सारल्या. पाणी नीट पडायला लागलं. ती आणखी काही बोलेल म्हणून तो तसाच गुडघ्यांवर राहिला. पण ती वळून दुसऱ्या बाईशी गोंडीत बोलायला लागली होती. बाया हसल्या. कशाला हसल्या ते त्याला कळलं नाही. बहुतेक त्याच्यावर नसतीलच हसल्या, त्यांची त्यांची काही गोष्ट असेल. तरी त्याचे कान तापले. तो उठला, हातांचा चिखल धोतराला पुसला आणि मोटरघराच्या मागे जाऊन उभा राहिला. शेवटची गुंडी भरून बाया निघून जाईपर्यंत तो तिथेच थांबला, मग बाहेर येऊन त्यानं मोटर बंद केली.